रोस्किल्ड: बिशपच्या घरात राजांची वस्ती

रोस्किल्डला बहुतेक लोक व्हायकिंगांची जहाजं बघायला येतात. खाडीकाठी त्यांचं संग्रहालय आहे. मला मात्र बघायचं होतं टेकाडावरचं चर्च. कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनवरून गाडी पंचवीसेक मिनिटांत पोचवते. पुढे बाजारपेठेच्या रस्त्याने थोडं चाललं की जुना चौक लागतो आणि त्याच्या कडेला लाल विटांचं ते प्रचंड प्रकरण उभं असतं. आम्ही गेलो तो शनिवार, बाजाराचा दिवस. फुलांच्या आणि भाज्यांच्या ठेल्यांमधून वाट काढत दारापर्यंत पोचलो. बरोबर भाचा होता, कोपनहेगनला नोकरी करतो. "मावशी, तिकीट काढून थडगी बघायची?" हे त्याने गाडीतच विचारून घेतलं होतं.

थडगी आहेतच. डेन्मार्कचे चाळीसेक राजे-राण्या इथे आहेत. पण माझं कुतूहल वेगळं होतं. १५३६ साली डेन्मार्कने कॅथलिक धर्म सोडून लुथरचा पंथ घेतला. देव तोच राहिला, पण देवाच्या नावावरच्या जमिनी, मानपान, बसायच्या जागा यांचं काय झालं? आपल्याकडे देवस्थानच्या इनामाचे वाद ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना हा प्रश्न सुचल्याशिवाय राहत नाही. रोस्किल्डमध्ये त्याचं उत्तर भिंतीभिंतीवर आहे.

बाराव्या शतकात, ११७० च्या दशकात, बिशप आब्सालोनने हे चर्च विटांत बांधायला घेतलं. तेव्हा रोस्किल्डचा बिशप म्हणजे देशातला बडा जमीनदार. शेवटच्या कॅथलिक बिशपचं नाव योआखिम रोनोव. यादवी युद्ध जिंकून तिसरा क्रिस्टियन गादीवर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर भाडोत्री सैन्याच्या पगाराचं मोठं कर्ज होतं. १५३६ च्या ऑगस्टमध्ये त्याने बिशपांना अटक केली आणि त्यांच्या जमिनी सरकारजमा केल्या. बाकीच्यांनी हळूहळू नमतं घेतलं आणि सुटले. रोनोव नमला नाही, तो १५४४ साली कैदेतच मेला. धर्म बदलण्यामागे श्रद्धा नव्हतीच असं मी म्हणणार नाही, तिसरा क्रिस्टियन पक्का लुथरपंथी होता. पण श्रद्धा आणि कर्जफेड एकाच दिवशी साधली, हेही खरं. पुढच्या वर्षी लुथरच्या विटेनबर्गहून आलेल्या योहानेस बुगेनहागेनने त्याला राज्याभिषेक केला आणि तीन आठवड्यांनी नव्या पद्धतीच्या सात धर्माधिकाऱ्यांना दीक्षा दिली. आता धर्माधिकारी राजाचे नोकर झाले होते.

आत शिरल्यावर मागच्या बाजूला वर एक घड्याळ आहे. दर तासाला घोड्यावरचा सेंट जॉर्ज ड्रॅगनला मारतो आणि ड्रॅगन केविलवाणा ओरडतो. शेजारी पेर डोवर आणि किर्स्टन किमर ही दोन बाहुली घंटा वाजवतात, तो तासाची, ती पाव तासाची. लहान मुलांबरोबर आम्हीही माना वर करून उभे राहिलो. ड्रॅगनचा आवाज भाच्याला फार आवडला. त्यानंतर तो तक्रार न करता फिरला.

चर्चच्या मधल्या भागात भिंतीला टांगल्यासारखी एक सोनेरी नक्षीची बंदिस्त खोली आहे. चौथ्या क्रिस्टियनने १६१० मध्ये स्वतःला प्रवचन ऐकायला करून घेतलेली. काचेच्या खिडक्यांमागे राजा बसणार. त्याला खालचे सगळे दिसणार, तो दिसला तर त्याच्या मर्जीने. समोरच्या सोनेरी वेदीवर येशूच्या जीवनातले प्रसंग कोरलेत. ती अँटवर्पची, १५६० च्या सुमाराची. तिची एक गोष्ट सांगतात. एल्सिनोरच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला डेन्मार्कच्या राजाला जकात द्यावी लागे. मालाची किंमत मालकाने सांगायची, आणि ती संशयास्पद कमी वाटली तर राजाला त्याच किमतीत माल विकत घ्यायचा हक्क. ही वेदी बाल्टिककडे निघाली होती, मालकाने किंमत कमी सांगितली आणि राजाने पैसे मोजून ठेवून घेतली. गोष्ट खरी की रचलेली कोण जाणे, पण जकातीचा तो नियम अगदी खरा आणि महाधूर्त होता.

आता दक्षिण बाजूचं 'तीन पवित्र राजांचं चॅपेल', म्हणजे चर्चला जोडलेलं छोटं प्रार्थनादालन. मी इथेच सगळ्यात जास्त वेळ काढला. पंधराव्या शतकात पहिल्या क्रिस्टियनने हे बांधलं, आपल्या आत्म्यासाठी इथे कायम प्रार्थना व्हाव्यात म्हणून. मधल्या खांबावर भेट देणाऱ्या राजांच्या उंचीच्या खुणा आहेत. पहिल्या क्रिस्टियनची खूण २ मीटर १९ सेंटिमीटरवर! त्याच्या हाडांवरून तो इतका उंच नव्हता हे नंतर कळलं, पण खांबावर अजून तोच सगळ्यांत उंच. रशियाचा पीटर द ग्रेटही त्याच्याखाली.

त्याच दालनात तिसरा क्रिस्टियन आणि त्याचा मुलगा दुसरा फ्रेडरिक यांची संगमरवरी स्मारकं आहेत. पहिलं अँटवर्पच्या कॉर्नेलिस फ्लोरिसचं, दुसरं खेर्ट फान एखेनचं, १५९८ मध्ये पुरं झालेलं. राजा खाली मृत पहुडलेला आणि वर छतावर गुडघे टेकून प्रार्थना करणारा, असा दोनदा. लुथरच्या लोकांनी मृतांसाठीच्या प्रार्थना बंद केल्या, संतांच्या वेद्या हटवल्या. मोकळी झालेली जागा राजांनी भरून काढली. दुसरा फ्रेडरिक १५८८ मध्ये वारला तेव्हा त्याच्यावरच्या मृत्युप्रवचनात आंदर्स वेदेल या विद्वान पाद्र्याने म्हटलं होतं की महाराजांनी मद्यपान आवरलं असतं तर ते आणखी जगले असते. प्रवचन संपल्यावर पाद्र्याला काही झालं नाही. राजाचा नोकर झालेल्या धर्माकडे एवढी तरी जीभ शिल्लक होती.

प्रार्थना बंद झाल्या, पण त्या प्रार्थनांसाठी लावून दिलेलं उत्पन्न बंद झालं नाही. या चॅपेलच्या नावाने जमिनी होत्या, शेतकऱ्यांचा खंड येत होता. राजाने हे वतन १५७९ मध्ये ज्याला दिलं, त्याचं नाव ऐकून भाचा थबकला. टायको ब्राहे, खगोलशास्त्रज्ञ! डेन्मार्कच्या अगदी वरच्या सरदार घराण्यातला माणूस. राजाने त्याला वेन बेट दिलं होतं. तिथे त्याने दुर्बिणीच्या आधीच्या काळातली सर्वांत अचूक वेधशाळा उभी केली, आणि तिचा काही खर्च या चॅपेलच्या उत्पन्नातून भागवला. अट एकच, चॅपेलची देखभाल. टायकोने तीच केली नाही. छप्पर खचत चाललं, राजाकडून पत्रांवर पत्रं आली, सरदारसाहेब वर आकाश बघत राहिले. ज्या फ्रेडरिकने वतन दिलं त्यालाही याच दुरुस्ती राहिलेल्या चॅपेलमध्ये आणून ठेवलं. त्याचा मुलगा चौथा क्रिस्टियन मोठा झाला, त्याला ही बेपर्वाई चालली नाही. १५९७ मध्ये टायकोचं हे वतन गेलं, टायको देश सोडून गेला आणि १६०१ मध्ये प्रागला वारला. शास्त्रज्ञाला छळणारा मूर्ख राजा अशी ही गोष्ट आपण नेहमी वाचतो. चॅपेलच्या कमानीखाली उभं राहिलं की राजाची बाजूही पटते. बापाच्या थडग्यावरचं छप्पर होतं ते!

त्या राजाचं स्वतःचं चॅपेल उत्तरेला आहे. दाराशी कास्पर फिंकेची लोखंडी जाळी. लोहाराने तिच्यावर जर्मनमध्ये आपलं नाव यमकात घालून ठेवलंय, 'या कामाने मला ओळखतात' असं. सबंध चर्चमध्ये स्वतःच्या हाताच्या जोरावर नाव टिकवलेला मला दिसलेला माणूस तेवढाच. आत चौथ्या क्रिस्टियनची शवपेटी, वर त्याची तलवार. चॅपेलचं काम १६१४ ला सुरू झालं, भिंती उभ्या राहिल्या, आणि मग युद्धांनी खजिना खाल्ला. आतली सजावट दोनशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकात झाली. भिंतीवरची चित्रं मार्स्ट्रँड या चित्रकाराची. १६४४ च्या सागरी लढाईत एका डोळ्याची दृष्टी गेलेला राजा जहाजावर उभाच आहे, असं एक त्यात आहे. रक्ताचे डाग पडलेले त्याचे कपडे कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग महालात अजून आहेत. तो १६४८ मध्ये वारला तेव्हा मुकुट गहाण पडला होता.

या राजाचा धर्म मोठा गमतीचा. १६१७ मध्ये, लुथरच्या चळवळीला शंभर वर्षं झाली म्हणून, त्याने चेटूक आणि व्यभिचार यांविरुद्ध कडक फर्मानं काढली. चेटकाच्या आरोपाखाली डेन्मार्कात पुढची काही वर्षं बायका जाळल्या गेल्या. स्वतः महाराजांना लग्नाची आणि बिनलग्नाची मिळून वीसच्या वर मुलं झाली.

त्याच्याच काळात, १६२० मध्ये, तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून डेन लोकांनी तरंगमबाडी, म्हणजे ट्रँकेबार, मिळवलं. शंभरेक वर्षांनंतरचा त्याचा एक वंशज या गोष्टीत अधिक रंगतदार आहे. मुख्य वेदीच्या मागे चौथ्या फ्रेडरिकची संगमरवरी पेटी आहे. याने धाडलेला बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग १७०६ मध्ये तरंगमबाडीला पोचला, भारतातला पहिला प्रॉटेस्टंट मिशनरी. तेव्हा तंजावरच्या गादीवर आपला शहाजी भोसले होता, व्यंकोजीचा मुलगा. म्हणजे डेन्मार्कच्या राजाचा पाद्री मराठी राज्याच्या कुशीत तमिळ शिकत होता. डेन व्यापाऱ्यांना मात्र हा उपद्व्याप नको होता. त्यांच्याच किल्लेदाराने राजाच्या पाद्र्याला चार महिने तुरुंगात ठेवलं. पुढे या पाद्र्याने तमिळ 'नवा करार' छापला, १७१८ मध्ये चर्च बांधलं, आणि त्यावर चौथ्या फ्रेडरिकची मुद्रा आजही दिसते.

एवढा धर्मनिष्ठ राजा १७१२ मध्ये आन्ना सोफी रेव्हेन्तलोव या सरदारकन्येला तिच्या आईच्या वाड्यातून पळवून आणतो आणि राणी जिवंत असताना तिच्याशी दुसरं लग्न लावतो. १७२१ मध्ये पहिली राणी वारली. तिच्या दफनाच्या दुसऱ्याच दिवशी आन्ना सोफीशी पुन्हा रीतसर लग्न, आणि ती राणी. तिची मुलं तान्हेपणीच गेली. लोक म्हणाले, देवाची शिक्षा. राजा १७३० मध्ये वारला तसं सावत्र मुलाने तिला माहेरच्या वाड्यात बसवलं. १७४३ ला ती गेली तेव्हा तिला आणलं याच चर्चमध्ये, पण राजांच्या रांगेत नाही. ट्रोले या सरदार घराण्याच्या चॅपेलमध्ये ती आहे, मुलांसकट. फ्रेडरिकच्या शेजारी पहिली राणी लुईस. "म्हणजे मेल्यावरही सासूबाईंची व्यवस्था मुलाने लावली," भाचा म्हणाला. सासूबाई नाही रे, सावत्र आई.

सरदारांचं काय झालं हे बघायला दुसऱ्या दिवशी हिलरॉडला गेलो, फ्रेडरिक्सबोर्गच्या किल्ल्यात. तळ्यातला तो महाल इतका देखणा आहे की फोटो काढून हात दुखतात, त्याचं वर्णन करत नाही. १८५९ च्या आगीत बराचसा जळाला, कार्ल्सबर्ग बिअरवाल्या याकोबसेनच्या पैशाने पुन्हा उभा राहिला. चॅपेल मात्र वाचलं. तिथे १६१० चा कोम्पेनियस ऑर्गन आहे, हजाराच्या वर लाकडी नळ्यांचा, अजून वाजतो.

१६६० पर्यंत डेन्मार्कचा राजा सरदारांच्या राज्यमंडळाने निवडायचा आणि त्याने अटींच्या करारावर सही करायची, अशी रीत होती. १५९६ च्या अभिषेकात चौथ्या क्रिस्टियनच्या डोक्यावर मुकुट ठेवायला बिशपबरोबर राज्यमंडळाचे सरदारही होते. पुढे स्वीडनशी युद्ध हरलं, १६५८ च्या रोस्किल्डच्या तहात सामुद्रधुनीपलीकडचा सुपीक मुलूख गेला, पाठोपाठ टायकोचं वेन बेटही. तिजोरी रिकामी आणि सरदार कर द्यायला तयार नाहीत. मग कोपनहेगनचे नागरिक आणि पाद्री एक झाले. पाद्र्यांचा म्होरक्या होता बिशप हान्स स्वाने. त्यांनी राज्य वंशपरंपरागत करून टाकलं, सरदारांचा करार रद्द झाला आणि स्वानेला आर्चबिशप ही पदवी मिळाली. सरदारांना उरल्या पदव्या, पट्टे, पदकं. फ्रेडरिक्सबोर्गच्या या चॅपेलच्या भिंती त्या पदकधारकांच्या ढालींनी भरल्यात, ओळीने, वरपासून खालपर्यंत. 'हत्तीचं पदक' या डेन्मार्कच्या सर्वोच्च सन्मानाच्या ढालींत नेल्सन मंडेलांची सापडली तेव्हा भाच्याने फोटो काढला.

१६७१ मध्ये पाचव्या क्रिस्टियनचा अभिषेक इथेच झाला. त्याच्यासाठी बंद घुमटाचा नवा मुकुट घडवला होता. जुना उघड्या टोकांचा, आजोबांचा, तो नव्हे. हे दोन्ही रोझेनबोर्गच्या तळघरात बघायला मिळतात, जरूर बघा. या वेळी राजाने मुकुट स्वतःच आधी चढवला आणि मुकुटासकट चालत चर्चमध्ये आला, कारण त्याच्या डोक्यावर काही ठेवण्याइतका मोठा माणूस राज्यात उरलाच नव्हता. बिशपकडे तेल लावायचं काम राहिलं. १८४० पर्यंत हे चाललं. १८४९ ला राज्यघटना आली आणि तेलही गेलं.

आता तर राजा जाहीर करतात पंतप्रधान, बाल्कनीतून. २०२४ च्या जानेवारीत भाचा त्या गर्दीत उभा होता. "मुकुट होता का डोक्यावर?" मी विचारलं. "कुठला!" तो म्हणाला. "आणि बिशपही नव्हते तिथे, असले तरी मला दिसले नाहीत. फार थंडी होती."