राज्यसभेतला आपला खासदार कोण?

लोकसभेचा खासदार कोण विचारलं की कुणीही पटकन नाव सांगतं, वर चार शिव्या पण घालतं. राज्यसभेतला आपला कोण विचारा, समोरचा गप्प. त्याची चूक नाहीये, तिथे मतदारसंघच नसतो. महाराष्ट्राचे १९ आहेत, गोव्याचा १, आणि त्यांना निवडतात आमदार, आपण नाही. म्हणजे एकतर १९ च्या १९ आपले नाहीतर एकही नाही. मी आपलं १९ धरून चालतो.

एकूण जागा २४५, पैकी १२ जण राष्ट्रपती नेमतात. सभागृह कधी बरखास्त होत नाही, प्रत्येकाची मुदत ६ वर्षं आणि दर २ वर्षांनी साधारण एक तृतीयांश लोक बाहेर पडतात, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारी खासदारांची यादी बहुतेक शिळी असते. जून २०२२ आठवतंय ना, ६ जागांना ७ उमेदवार, आमदार हॉटेलात आणि निकाल पहाटे! तेवढ्यापुरतीच आपल्याला राज्यसभा आठवते, नंतर सहा वर्षं ते खासदार काय करतात कोण बघतंय.

बरेच जण तक्रारीचं पत्र थेट सभापतींना लिहितात, सभापती म्हणजे उपराष्ट्रपती. पण त्यांचं काम सभागृह चालवणं, तुमच्या गावच्या रेल्वे फाटकाचा प्रश्न ते विचारणार नाहीत, तो विचारतो सदस्य. मग सदस्य कुठला? संसदेच्या साइटवर प्रत्येकाचं पान असतं, पत्ता, फोन, ईमेल, आणि तो कुठल्या समितीत आहे ते पण. पक्ष सोडा, आधी समिती बघा. खात्यांच्या २४ स्थायी समित्या आहेत, त्यातल्या ८ राज्यसभेकडे, आरोग्य, शिक्षण, गृह, वाहतूक वगैरे. सरकारी दवाखान्याचं दुखणं आरोग्य समितीतल्या माणसाला कळवलंत तर त्याला ते कामाचं असतं, बाकीच्यांच्या टेबलावर नुसता एक कागद वाढतो.

वेळ पण बघा. प्रश्नाची नोटीस साधारण १५ दिवस आधी द्यावी लागते आणि मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचे तारांकित प्रश्न दिवसाला फक्त १५, ते पण लॉटरीने, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर जाग येऊन उपयोग नाही. तारांकित नाही लागला तरी लेखी उत्तर येऊ शकतं आणि ते साइटवर कायमचं राहतं, मला तर तेच जास्त आवडतं, पुढे कुठल्याही ऑफिसात प्रिंट दाखवता येते.

खासदार निधी यांनाही वर्षाला ५ कोटीच मिळतो, पण तो राज्यात कुठल्याही जिल्ह्यात सुचवता येतो. नेमलेल्यांना तर अख्खा देश मोकळा. आदर्श ग्राम योजनेतही तसंच, सचिन तेंडुलकरने खासदार असताना आंध्रातलं एक गाव दत्तक घेतलं आणि आपल्या धाराशिवमधलं डोंजा पण.

पत्र मराठीत लिहिलं तरी चालतं, बहुतेक जण इथलेच आहेत. एक पान, एकच मागणी, सोबत आधीच्या अर्जांच्या झेरॉक्स. अधिवेशन चालू असेल तर दिल्लीच्या पत्त्यावर, एरवी इथल्या. आणि मग पीएला फोन करा, कारण पत्र आधी त्याच्याच हातात पडतं.