काळ्या कापडावरील हाफटोन : जाळीपासून ठिपक्यापर्यंत

काळ्या सुती टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, केवळ पांढऱ्या प्लास्टिसोल (उष्णतेने पक्क्या होणाऱ्या प्लास्टिकयुक्त) शाईने घुबडाचे छायाचित्र छापण्याचे माझे काम आता फिल्म, म्हणजे जाळीवर चित्र उतरवण्यासाठीची पारदर्शक छापील प्रत, निश्चित होण्यापर्यंत आले आहे. पिसांच्या मऊ छटा एकाच शाईत दाखवायच्या असल्यामुळे हाफटोनला, म्हणजे लहान-मोठ्या ठिपक्यांनी छटा दाखवण्याला, पर्याय नव्हता. परंतु ठिपके किती बारीक असावेत, हा निर्णय संगणकापुढे बसण्याआधी स्क्रीनच्या जाळीवरून घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

त्यामागचे गणित सोपे आहे. २३० मेशच्या, म्हणजे इंचाला २३० धागे असलेल्या जाळीत दोन शेजारच्या धाग्यांच्या मध्यांतील अंतर सुमारे ०.११ मिमी असते. इंचाला ठिपक्यांच्या ६५ ओळींचा हाफटोन घेतला, तर ५ टक्के छटेच्या गोल ठिपक्याचा व्यास जेमतेम ०.१० मिमी भरतो. असा ठिपका धाग्यावर पडला की त्यातून शाई उतरायला पुरेशी वाट राहत नाही आणि फिकट छटा तुटक दिसू लागते. इंचाला ४५ ओळी ठेवल्यास तोच ठिपका ०.१४ मिमीचा होतो आणि जाळी त्याला व्यवस्थित धरून ठेवते. ओळींच्या संख्येच्या चार ते पाच पट मेश असावा, हा प्रचलित नियम याच कारणाने टिकून आहे. ४५ ओळींचे ठिपके जवळून स्पष्ट दिसतात, हे खरे. पण अंगावरचे चित्र हातभर अंतरावरून पाहिले जाते आणि मला तर ती ठळक पोत पिसांना शोभणारीच वाटते.

ठिपक्यांच्या रांगांचा कोन २२.५ अंश ठेवला आहे. जाळीचे धागे ० आणि ९० अंशांत धावत असल्यामुळे त्यांच्याशी ठिपक्यांच्या रांगांचा मेळ बसला की मोआरेचे, म्हणजे दोन जाळ्या एकमेकींवर पडून दिसणारे नकोसे पट्टे उमटतात. फिल्म ताणलेल्या जाळीवर ठेवून उजेडासमोर किंचित फिरवून पाहिली, तर हा धोका इमल्शन (जाळीवरचा प्रकाशाने कडक होणारा थर) लावण्याआधीच कळतो. ठिपक्याचा आकार लंबवर्तुळाकार निवडला. गोल ठिपके सुमारे ७८ टक्क्यांपाशी चारही बाजूंनी एकदम जुळतात आणि त्या जागी छटेत उडी दिसते. लंबवर्तुळ आधी एका दिशेने आणि नंतर दुसऱ्या दिशेने जुळते, त्यामुळे घुबडाच्या छातीवरचा उतार सलग राहतो.

सर्वाधिक वेळ डॉट गेनने, म्हणजे छापताना शाई पसरून ठिपका मोठा होण्याने, घेतला, आणि तो द्यायलाच हवा होता. काळ्या कापडावर चित्र उजेडाने घडते, म्हणून छायाचित्र आधी उलटे करून, म्हणजे मूळ चित्रातील उजळ भाग फिल्मवर काळा येईल असे करून, मगच बिटमॅप करावे, म्हणजे निव्वळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत बदलावे लागते. पांढऱ्या कापडावर काळी शाई पसरली तर चित्र गडद होते. येथे पांढरी शाई पसरते, चित्र पिठूळ होते आणि सावल्यांची खोली हरवते. ५ टक्क्यांच्या पायऱ्यांची पट्टी छापून पाहिल्यावर ५० टक्क्यांची पायरी डोळ्यांना सत्तरीच्या जवळची भासली. त्यामुळे संगणकावर छटा कमी-जास्त करणाऱ्या कर्व्हमध्ये मधल्या छटांचे ठिपके ३५ टक्क्यांपर्यंत लहान केले, डोळ्यांभोवतीच्या सर्वांत गडद भागातून ठिपके पूर्णपणे काढून कापडाचा काळा रंगच तेथे राहू दिला आणि चोचीवरची चमक मात्र सलग पांढरी ठेवली.

एक्स्पोजरसाठी, म्हणजे फिल्ममधून प्रकाश पाडून इमल्शनवर चित्र उतरवण्यासाठी, पिवळी जाळी घेतली आहे, कारण पांढऱ्या धाग्यांतून प्रकाश आडवा विखुरतो आणि बारीक ठिपके बुजवतो. फिल्मची छापील बाजू इमल्शनला घट्ट चिकटून बसणेही तितकेच आवश्यक आहे.

यापुढे पांढऱ्याचा दुसरा थर द्यायचा आहे. पहिला थर फ्लॅशखाली (शाई झटपट तापवणाऱ्या हीटरखाली) स्पर्शाला कोरडा झाल्यावर, केवळ सर्वांत उजळ भागांसाठी वेगळी फिल्म वापरून तो छापला जाईल. संपूर्ण चित्रावर दुसऱ्यांदा पांढरे छापले, तर मधले ठिपके आणखी फुगतील. म्हणून या दुसऱ्या फिल्ममध्ये मूळ चित्रातील साधारण वरच्या चतुर्थांश उजळ छटाच ठेवण्याचा विचार आहे. ती मर्यादा नेमकी कोठे असावी, हे पुन्हा पायऱ्यांची पट्टी छापूनच ठरवीन.