ठिबकच्या जाळीपासून खाऱ्या पाण्याच्या संपपर्यंत : आमची वाटचाल

"जळगावात समुद्र आणला कुठून?" आमच्या दुकानात येणारा प्रत्येक नवा माणूस हे विचारतोच. समुद्र आणावा लागत नाही, कालवावा लागतो. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ टाकायचं (स्वयंपाकघरातलं नाही, मत्स्यालयासाठी वेगळं तयार मिळतं ते), ढवळायचं, एक दिवस पंप फिरवत ठेवायचं, की झालं. मासे मुंबईहून येतात. खरी मेहनत त्यानंतरची, म्हणजे ते पाणी नासू न देण्याची, आणि आमची फर्म जगते ती त्या मेहनतीवर. काचेच्या टाकीखाली कपाटात आणखी एक टाकी लपवलेली असते, तिला संप म्हणतात. वरचं पाणी तिच्यात उतरतं, गाळून-शुद्ध होऊन पंपानं परत वर जातं. तो संप आम्ही बनवतो, बसवतो, सांभाळतो. नावावरून घोटाळेही होतात. एका गृहस्थांनी आम्हाला अंगणातला दहा हजार लिटरचा संप (जमिनीत पुरलेली पाण्याची टाकी) उपसायला बोलावलं होतं. आम्ही गेलो, चहा घेतला, परत आलो.

मी मूळचा ठिबकवाला. रावेरकडे आमची केळी. आबांबरोबर लॅटरल (ठिबकच्या नळ्या) पसरवण्यात आणि बंद पडलेल्या तोट्या टोचण्यात माझं कॉलेज संपलं. पुढे दहा-बारा गावांत ठिबकची फिटिंगची कामं घेतली. विहिरीचं पाणी असेल तर शेवाळासाठी सँड फिल्टर, बोअरमधून रेती येत असेल तर हायड्रोसायक्लोन (पाणी गरगरवून रेती खाली पाडणारा), आणि त्याच्या पुढे जाळीचा नाहीतर चकत्यांचा फिल्टर, बहुतेक १२० मेशचा, म्हणजे १३० मायक्रॉनच्या आसपास भोकांचा (मेश जितकं जास्त तितकी भोकं बारीक). फिल्टरच्या आधी दाब दाखवणारा एक गेज, नंतर एक गेज. दोन्हींतला फरक वाढला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायचा. ज्यानं आळस केला त्याच्या तोट्या बंद, आणि ऐन मे महिन्यात केळीची पानं पिवळी. पुढे संपात जे काही केलं त्याचं मूळ या शेतातल्या फिल्टरमध्ये आहे, पण हे मला कळायला चार वर्षं आणि बरेच मासे लागले.

माशांचं वेड मात्र जुनं. शाळेत असताना मुंबईला मामांकडे गेलो होतो, तेव्हा मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. ठिबकचं काम पावसाळ्यात थंडावतं. त्या रिकाम्या महिन्यांत गोड्या पाण्याच्या टाक्या बसवायला लागलो. गप्पी, गोल्डफिश, एंजल. मग सराफ बाजारातल्या एका शेठनी दुबईत कुठेतरी खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली आणि मला म्हणाले, "असंच पाहिजे." मी हो म्हणून बसलो. अमळनेरकडची माझी आजी तेव्हा होती. तिला सांगितलं तर म्हणे, "पानीमा मीठ टाकीसन मासा पाळस? येडा व्हयना का रे तू?"

येडेपणाच होता. पहिल्याच आठवड्यात लाइट गेली. पंप थांबला, वरच्या टाकीतलं पाणी रिटर्नच्या (पाणी वर नेणाऱ्या) पाइपातून उलटं खाली यायला लागलं, आणि संप मी काठोकाठ भरलेला. शेठच्या दिवाणखान्यात गालिच्यावर समुद्र. तेव्हापासून संप किती भरायचा हे आम्ही पंप बंद करून ठरवतो: सगळं उतरणारं पाणी उतरू द्यायचं, वर चार बोटं जागा राहिली पाहिजे, आणि चालू स्थितीतली जी पातळी दिसेल तिथे काचेवर रेघ मारायची. रिटर्नच्या पाइपाला पाण्याच्या पातळीजवळ छोटं भोकही पाडतो, म्हणजे हवा शिरते आणि उलटा ओढा तुटतो. ते भोक शेवाळानं बुजतं. महिन्यातून एकदा त्यात काडी घालायची.

आता गाळणीबद्दल. सुरुवातीला मी निळा स्पंज वापरला, कारण गोड्या पाण्यात तोच चालायचा. स्पंज स्वस्त, धुता येतो, पण त्याची भोकं मोठी आणि आपण तो महिनाभर विसरतो. मग पांढरा कापूस, म्हणजे फिल्टर वूल. त्यानं पाणी काचेसारखं होतं, पण दोन दिवसांत चोंदतं, आणि मग पाणी त्याच्या बाजूनं वाट काढतं. शेवटी पिशवीवर आलो, ज्याला बाहेर फिल्टर सॉक म्हणतात. १०० मायक्रॉनची आणली तर एका दिवसात भरून वाहायला लागायची. आता २०० मायक्रॉनची फेल्टची (न विणता दाबून केलेल्या कापडाची) पिशवी लावतो आणि तिच्यावर ठाम आहे. बारीक गाळण्याची हौस बहुतेक गिऱ्हाइकांना असते. त्यांना मी सांगतो, शेतात कोणी २०० मेश लावून पाहिलंय का? अर्ध्या तासात पंप धापा टाकतो.

मुंबईहून येणाऱ्या पिशव्या महाग पडायच्या. आमच्या जळगावात डाळमिल पुष्कळ, आणि मिलच्या धूळ पकडणाऱ्या यंत्रांना पॉलिएस्टर फेल्टच्या लांब पिशव्या लागतात. त्या शिवणाऱ्या एका कारागिराकडे नमुना घेऊन गेलो. त्यांनी पाच मिनिटं बोटांनी चोळून पाहिला आणि म्हणाले, "हे तर आपलंच कापड." रंग किंवा तेलकट लेप नसलेलं फेल्ट निवडायचं, एवढी एकच अट आम्ही घातली. मुंबईच्या एका पिशवीच्या पैशांत आम्हाला तीन पडायला लागल्या. आता टाकीमागे सहा पिशव्या देतो, दर तीन दिवसांनी बदलायच्या. मळलेली उलटी करून जोरदार धारेखाली धरायची, साबण अजिबात नाही, मग उन्हात खडखडीत वाळवायची. उन्हाची खान्देशात टंचाई नाही.

तीनच दिवस का, हे समजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. पिशवीत अडकलेली घाण पाण्याबाहेर गेलेली नसते. उरलेलं खाद्य, माशांची विष्ठा, सगळं वाहत्या पाण्यात भिजत पडलेलं असतं, आणि सडलं की अमोनिया होऊन परत टाकीत. म्हणजे पिशवीनं घाण फक्त धरून ठेवलेली असते, बाहेर काढायची ती आपण. आपल्या संपाला गेज नसतो, पण पिशवीतली पाण्याची पातळी पाहा. ती काठाशी आली, पाणी वरून ओसंडताना आवाज बदलला, की समजायचं.

पिशवीनंतर प्रोटीन स्किमर येतो. त्याच्याबद्दल फार लिहीत नाही. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे टिकतात, विरघळलेला चिकट मळ त्यांना चिकटून वरच्या कपात फेस होऊन जमतो. त्या कपाचा वास एकदा घेतला की त्याची उपयुक्तता पटते.

आता जैविक माध्यम, म्हणजे बॅक्टेरियांना वसायला संपात ठेवलेलं सामान, ज्यावर आम्ही सगळ्यात जास्त चुकलो. माशांचा अमोनिया एका जातीचे बॅक्टेरिया नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. त्यांना बसायला जागा आणि भरपूर प्राणवायू लागतो. शेठच्या पहिल्या टाकीत मी बायोबॉल भरले होते, काटेरी प्लास्टिकचे गोळे. वर्षभरात नायट्रेट १०० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) वर गेलं. सगळे म्हणाले बायोबॉल वाईट, ते नायट्रेटचा कारखाना आहेत. मीही तेच सांगत फिरलो. नंतर एकदा गोळे बाहेर काढले तर त्यांच्यामध्ये बोटभर गाळ बसलेला. गोळ्यांचा काय दोष? वरची गाळणी मी नीट ठेवली नव्हती. अर्थात नायट्रेट कोणत्याही माध्यमावर तयार होणारच. गोळ्यावर प्राणवायू सगळीकडे पोचतो, त्यामुळे नायट्रेट मोडणाऱ्या बॅक्टेरियांना लागते तशी कोंदट जागा तिथे नसते. सच्छिद्र सिरॅमिकच्या जाड ठोकळ्यात आत खोलवर ती थोडी मिळते. थोडीच. बाकीचं नायट्रेट पाणी बदलूनच काढायचं.

परदेशातले लोक हे काम जिवंत खडकावर सोडतात, म्हणजे प्रवाळाच्या सच्छिद्र दगडांवर. आपल्याकडे ती वाट नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. कोणी चोरून "लाइव्ह रॉक" आणून देतो म्हणालं तर आम्ही दारातूनच परत पाठवतो. म्हणून आमच्या टाक्या फक्त माशांच्या, सजावट सिरॅमिकची, आणि बॅक्टेरियांचा सगळा भार संपातल्या माध्यमावर. बाहेरचे व्हिडिओ बघून "इतकं माध्यम कशाला" म्हणणाऱ्यांना हे आधी सांगावं लागतं. उलट काही जण अख्खा संप सिरॅमिकच्या रिंगांनी भरा म्हणतात. त्याचाही उपयोग नाही. बॅक्टेरिया वाढतात ते मिळणाऱ्या अमोनियापुरते, आणि अमोनिया येतो तुम्ही टाकलेल्या खाद्यातून. वाडा मोठा बांधला म्हणून घरातली माणसं वाढत नाहीत.

खरा धडा भुसावळच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे मिळाला. त्यांच्या दवाखान्यातली टाकी आमची. संपात मी सिरॅमिकच्या रिंगा सगळ्यात वरच्या ट्रेमध्ये ठेवल्या होत्या, कारण तिथे बसवायला सोप्या. दिवाळीच्या साफसफाईत दवाखान्यातल्या पोरानं मनापासून काम केलं: रिंगा बादलीत काढल्या, नळाखाली खळखळून धुतल्या, पांढऱ्याशुभ्र करून परत ठेवल्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन, शिवाय पाणी गोडं. खाऱ्या पाण्यात वाढलेली वसाहत दोन्हींनी मेली. तिसऱ्या दिवशी अमोनिया चढला. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२च्या आसपास असतो, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया विषारी. क्लाउनफिशची जोडी वाचली. निळा टँग गेला, आणखी चार गेले. डॉक्टर पोरावर ओरडले. मी गप्प उभा होतो, कारण जे धुवायचं नाही ते हाताशी ठेवणारा मीच होतो.

परतताना गाडीत आबांचा सँड फिल्टर डोळ्यासमोर आला. बॅकवॉशचा व्हॉल्व्ह बाहेर, हाताच्या उंचीवर. वाळूचं झाकण मात्र पान्यानं आवळलेलं. शेतात कोणी रोज वाळू उपसून धूत नाही, कारण ती उपसता येत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या संपाचा नकाशा बदलला. पिशवी कपाटाच्या दारापाशी, एका हातानं निघेल अशी. जैविक माध्यम स्किमरच्या मागच्या कप्प्यात, वर पीव्हीसीचं झाकण, दोन नायलॉनचे स्क्रू (स्टीलचे नकोत, गंजतात). झाकणावर मार्करनं लिहिलेलं असतं: "उघडू नये. आम्हाला फोन करा." आता आमच्या प्रत्येक संपावर हे असतं. गिऱ्हाइकं हसतात, पण उघडत नाहीत.

माध्यम मात्र आम्ही अजून बदलत असतो. रिंगांच्या पोटात गाळ बसतो हे दिसल्यावर ठोकळ्यांकडे वळलो, ते एकावर एक न रचता पाणी खालून-वरून फिरेल असे उभे ठेवतो. मध्ये स्वस्ताईचा प्रयोग म्हणून प्लास्टिकच्या भांडी घासायच्या घासण्या भरून पाहिल्या. खोटं कशाला बोलू, चांगल्या चालल्या. पण ऐंशी हजारांच्या टाकीत घासणी बघून गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो. मग सांडपाणी शुद्धीकरणात वापरतात ती चाकांसारखी फिरती प्लास्टिकची माध्यमं सुरतहून आणली. हवेच्या पंपानं ती सतत घुसळत राहतात, एकमेकांवर घासून जुना थर आपोआप झडतो. पहिले काही आठवडे ती नुसती तरंगतात, गिऱ्हाईक घाबरतं. जास्त मासे असलेल्या टाक्यांना उत्तम. घरात नको, रात्री खळखळ होते आणि उडालेल्या थेंबांचं मीठ कपाटभर साचतं.

एक अडचण आमच्याकडचीच. इथे उद्घाटनं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतात. नव्या टाकीत बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे, आणि मालक मुहूर्ताच्या आठ दिवस आधी फोन करतो. पूर्वी आम्ही घाबरत घाबरत मासे सोडायचो. आता वर्कशॉपमध्ये दोनशे लिटरची एक टाकी कायम चालू असते, तिच्यात मासा एकही नाही, फक्त ठोकळे. त्यांना अमोनियम क्लोराइडचे थेंब हाच खुराक. काम आलं की ठोकळे खाऱ्या पाण्यात बुडवून, बादलीत बॅटरीवरचा एअर पंप सोडून, पहाटे पाचला निघायचं. ऊन चढलं की बादलीचं पाणी तापतं, त्यातला प्राणवायू घटतो, आणि बॅक्टेरिया वाटेतच जातात. पारा ४४-४५वर जातो त्या महिन्यांत चिलरशिवाय (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राशिवाय) टाकी आम्ही देतच नाही, कितीही ओळख असो. बाष्पीभवनानं रोज दहा-बारा लिटर पाणी उडतं. मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची.

आज आम्ही पाच जण आहोत. जळगाव, भुसावळ, धुळे मिळून एकतीस टाक्यांचा वर्षाचा करार आहे. पिशव्यांची धुलाई आमच्याकडेच येते, मळक्या नेतो, वाळलेल्या देतो, दूधवाल्यासारखं. त्यातून पगार निघतात, नव्या टाक्यांतून फारसं उरत नाही.

गेल्या महिन्यात आबा वर्कशॉपला आले. वय झालंय, पण वाकून संप पाहिला. पिशवी बोटानं दाबली आणि विचारलं, "याला बॅकवॉश कुठाय?" मी म्हटलं, नाही, हातानं काढतो. ते काही बोलले नाहीत. आता पुतण्या फेल्टच्या रोलवर काम करतोय: पाणी अडायला लागलं की फ्लोट उचलला जातो, मोटर फिरते, मळलेलं कापड एका बाजूला गुंडाळलं जातं आणि कोरं समोर येतं. अशी यंत्रं बाहेर तयार मिळतात, आम्हाला ती डाळमिलच्या कापडावर चालवायची आहेत. सध्या रोल तिरका गुंडाळला जातो आणि कडेनं घाण निसटते. कारागिरांना काठ दुमडून शिवायला सांगितलंय.