पाकातली कोळंबी

बडोदा. शनिवार, रात्र

उत्तरायण सरलं. तुटलेला मांजा अजून तारांवर लोंबतोय आणि ओट्यावरच्या डब्यात तिळगुळातून उरलेला गूळ आणि वाटीभर तीळ आहेत. उद्या कोळंबी. गूळ, सुकी मिरची आणि आमसूल यांच्या पाकात घोळवलेली, चकचकीत, बोटं चाटायला लावणारी. गॅसवरचं काम दहा मिनिटांचं. पण त्या दहा मिनिटांत काही शोधायला, चिरायला, पुसायला वेळ मिळत नाही, म्हणून तयारी आजपासूनच.

आधी कोळंबीबद्दल. बडोद्याला समुद्र नाही. इथे येणारी बरीचशी कोळंबी भरूच, सुरत, नवसारी, वलसाडकडच्या खाऱ्या तळ्यांतली वनामी असते. ही जात मूळची मेक्सिको ते पेरू या पॅसिफिक किनाऱ्याची. भारतात तिच्या शेतीला २००९ साली परवानगी मिळाली आणि बघता बघता तिने टायगर कोळंबीला मागे टाकलं. वनामीची साल पातळ, मांस जरा गोडसर. गुळाच्या पाकाला ती छान जमते. टायगरचा स्वाद गडद असतो, तो सुक्या खोबऱ्याच्या रश्श्यात खुलतो. पाकात झाकला जातो.

बर्फात ठेवलेली ताजी कोळंबी घ्यायची तर डोकं आणि धड जिथे जुळतात ती जागा बघायची. तिथे ढिली पडलेली, काळवंडलेली कोळंबी नको. कोळंबीची पाचकग्रंथी डोक्यात असते. कोळंबी मेली की त्यातले पाचकरस मानेकडून मांसात उतरतात आणि ते मांस पिठूळ होतं. अशी कोळंबी कितीही नेमकी शिजवा, चावताना कचकन तुटत नाही. सालीवरचे काळे डाग चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखे पडतात. ते विषारी नसतात, पण माल शिळा होत चालल्याचं सांगतात. म्हणून इथे डोकं काढून गोठवलेली, सालीसकटची पिशवी जास्त भरवशाची वाटते. पिशवी हलवली की कोळंबी सुटी खुळखुळली पाहिजे. सगळी मिळून एकच ढेकूळ झाली असेल किंवा आत भुरभुरीत बर्फ साठला असेल, तर ती वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेली असते. ती परत ठेवायची.

पिशवीवर २६/३० छापलेलं असतं. म्हणजे एका पौंडात, साधारण ४५४ ग्रॅममध्ये, २६ ते ३० नग. हा आकार हवा. ४१/५० घेतली तर बाहेरून रंग चढेपर्यंत आतून रबर होते. आणि वजन बघताना बर्फाचं कवच वगळून लिहिलेलं निव्वळ वजन बघायचं. सालीसकट ६०० ग्रॅम निव्वळ घेतली की सोलून ५०० ग्रॅमच्या आसपास हातात येते. तिघांना पोटभर.

आता ती चाळणीत, चाळणी भांड्यावर, वर झाकण, आणि सगळं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. सकाळपर्यंत सुटते आणि पाणी खाली निथळतं. घाई असेल तर पिशवी बंद ठेवून गार पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं. गरम पाणी कधीच नाही. वरचा थर शिजायला लागतो आणि आत बर्फ तसाच.

रविवार, सकाळ

साल काढली, शेपटीचं शेवटचं पेर ठेवलं. पाठीवर टोकदार सुरीने दोन-तीन मिलिमीटर खोल चीर दिली आणि काळा दोरा काढला. ही चीर दोऱ्यापुरती नाही. तव्यावर ती उमलते आणि त्या खाचेत पाक जाऊन बसतो. न चिरलेल्या गुळगुळीत कोळंबीवरून पाक घसरतो.

साली टाकल्या नाहीत. चमचाभर तेलात त्या केशरी होईपर्यंत परतल्या, दोन वाट्या पाणी घालून पंधरा मिनिटं उकळल्या आणि गाळल्या. पाकात साध्या पाण्याऐवजी हेच पाणी जाणार. गुळाच्या गोडीखाली कोळंबीची चव हरवते अशी तक्रार असते, तिच्यावर सालींच्या पाण्याइतका दुसरा उपाय नाही.

सोललेल्या अर्धा किलोला अर्धा चहाचा चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा चोळून फ्रीजमध्ये पंधरा मिनिटं. सोड्याने मांस किंचित अल्कधर्मी होतं, शिजताना पाणी धरून ठेवतं, आणि चावताना ती कचकन तुटते. पाव चमचा म्हणजे सपाट पाव चमचा. जास्त पडला किंवा तासभर राहिला तर साबणासारखी चव येते, मग धुऊनही जात नाही.

इथे आपल्या हाताची एक सवय आवरावी लागते. कोळंबी पुढ्यात आली की हळद-मीठ-लिंबू लावायचं, हे आपल्याकडे न विचारता होतं. पण सोड्याबरोबर हळद लावली की ती विटकरी-लाल होते, जशी साबणाने हात धुताना हळदीची बोटं लाल होतात तशी. आणि लिंबू लावलं तर सोडा तिथेच मारला जातो, शिवाय आंबटाने वरचं मांस पांढरं, घट्ट होऊन बसतं. कच्च्या आल्याचा रसही नको. त्यातलं पाचक द्रव्य वरचा थर मऊ पाडतं. तेव्हा आत्ता फक्त मीठ आणि सोडा. आंबट पाकात, लसूण पाकात, हळदीला आज सुट्टी.

पंधरा मिनिटांनी न धुता जुन्या सुती पंचावर पसरली, दुसरा पंचा वरून दाबला. एकेक कोळंबी कोरडी लागली पाहिजे. बोटाला चिकट लागेल, ओली लागता कामा नये. या पदार्थात जितक्या चुका होतात त्यातल्या अर्ध्या याच पंचावर थांबवता येतात.

मसाला: बिया झटकलेल्या सहा ब्याडगी मिरच्या रंगाला, दोन लवंगी तिखटाला. गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून आठ लसूणपाकळ्यांबरोबर गंधासारख्या वाटल्या. ब्याडगी मिळाली नाही तर काश्मिरी. बिया काढायच्या कारण त्या तळताना करपून कडू होतात आणि चकाकत्या पाकात खड्यासारख्या दिसतात. मिरची पूड वापरली तर वेळ वाचतो, पण पूड तेलात पंधरा-वीस सेकंदांत जळते. वाटणात पाणी असतं म्हणून ते धीर धरतं.

पाच आमसुलं पाव वाटी गरम पाण्यात भिजत घातली. आमसूल का? चिंचेचा कोळ दाट, त्याने पाक मातकट दिसतो. लिंबाचा वास उकळीत जातो. आमसुलाचं पाणी पातळ, लालसर, आणि आंबट शेवटपर्यंत टिकतं. आंबटाचं दुसरंही काम आहे: पाक रवाळ होऊ देत नाही. लाडवाच्या पाकात लिंबाचे दोन थेंब टाकतात ते याचसाठी.

आता गूळ. डब्यात दोन प्रकारचा निघाला, आणि इथेच मोठी चूक होऊ शकते. चिक्कीचा गूळ या पदार्थाला अजिबात नको. तो गार झाला की कडक बसावा म्हणूनच वेगळा बनवलेला असतो. त्याचा पाक कढईत सुरेख दिसतो आणि ताटात येईपर्यंत कोळंबीवर काचेसारखा चढतो, दाताला चिकटतो. साधा, तांबूस, जरा मऊ गूळ हवा. इथल्या किराणा दुकानात कोल्हापुरी गोळ म्हणून मिळतो तो उत्तम. ६० ग्रॅम किसून चार मोठे चमचे सालींच्या गरम पाण्यात विरघळवला आणि चहाच्या गाळण्याने गाळला. गाळण्यात खाली उसाची चिपाडं आणि थोडी कचकच राहिलीच. गाळायचं विसरलं तर ती कचकच दाताखाली येते आणि दोष कोळंबी नीट न धुतल्यावर जातो.

रविवार, दुपार

ओट्यावर डावीकडून उजवीकडे: कोरडी कोळंबी, वाटण दोन मोठे चमचे, गुळाचं पाणी, आमसुलाचं पाणी तीन मोठे चमचे, भाजलेले तीळ, चिरलेलं लीलं लसण, म्हणजे पातीचा ओला लसूण, रिकामी ताटली. भाकरी झालेली, पानं मांडलेली. मगच गॅस पेटवायचा.

लोखंडी पसरट तवा मोठ्या आचेवर. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो मण्यासारखा पळायला लागला की एक मोठा चमचा शेंगदाण्याचं तेल. तेल तळाशी लाटांसारखं हलताना दिसलं की कोळंबी, निम्मीच, एकमेकींना न टेकता. सव्वा ते दीड मिनिट हात लावायचा नाही. कडा केशरी होत वर चढताना दिसतात. कच्च्या कोळंबीत हा केशरी रंग एका प्रथिनाला बांधलेला असतो म्हणून ती राखाडी दिसते. आच लागली की ते प्रथिन उलगडतं आणि रंग मोकळा होतो. पलटून अर्ध मिनिट, आणि लगेच ताटलीत. मधोमध अजून किंचित पारदर्शक राहिली पाहिजे. ती कसर पाकात भरून निघणार आहे. मग दुसरी निम्मी.

सगळी एकदम टाकली तर काय होतं ते ऐकूच येतं. आधी चर्र असा कोरडा आवाज, मग काही सेकंदांत तो रटरट असा ओला होतो. तवा गार झाला, कोळंबीने पाणी सोडलं, आता ती भाजली जात नाही, उकडली जाते. अशा वेळी आच वाढवून पाणी आटवत बसू नये. तेवढ्यात ती रबर होते. बाहेर काढावी, पाणी वाटीत ओतून घ्यावं, तवा पुन्हा तापवावा.

शिजल्याची खूण आकारात असते. इंग्रजी सी अक्षरासारखी वळली की झाली. शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून पूर्ण वेटोळं झालं की जास्त झाली.

आता आच मंद. त्याच तव्यात दोन चहाचे चमचे तेल आणि वाटण. पाऊण मिनिट परतलं, कडेने तेल सुटलं, लसणाचा कच्चा वास गेला. मग गुळाचं पाणी, आमसुलाचं पाणी, पाव चमचा मीठ. तळाला चिकटलेलं सगळं उलथन्याने खरवडून घेतलं. चव तिथे आहे. आच मध्यम. ताटलीत कोळंबीखाली साठलेला रसही आत्ताच पाकात ओतायचा. हा रस मागाहून कोळंबीबरोबर गेला तर जमत आलेला पाक पुन्हा पातळ होतो. पाक पाणचट राहण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि ते लक्षात येत नाही.

तीन-चार मिनिटं तव्यावरून नजर हलवायची नाही. सुरुवातीला बुडबुडे बारीक, पांढरट, घाईघाईने फुटणारे. पाणी आटत जातं तसे ते मोठे होतात, सावकाश फुटतात, आणि प्रत्येकाच्या पाठीवर खिडकीचा उजेड दिसायला लागतो. उलथनं तळावरून ओढलं की मागे वाट पडते आणि ती दोन सेकंद उघडी राहते. स्टीलच्या गार ताटलीवर थेंब टाकून त्यातून बोट फिरवलं तर रेघ मिटत नाही. तिळगुळाच्या पाकाची गोळी पाण्यात बघतात, तिथपर्यंत जायचंच नाही. एकतारीच्याही जरा अलीकडे, १०४-१०५ अंशांवर थांबायचं. ताटात गार होताना तो आणखी दाटतो, ती जागा आत्ताच सोडून ठेवायची.

मग कोळंबी. पाकावर ओतून वरखाली, चाळीस सेकंद, फार तर पन्नास. प्रत्येकीच्या पाठीतली खाच लाल भरून आली, तव्यात ओघळणारा पाक उरला नाही, गॅस बंद. अर्धा चमचा लोणी शेवटी हलवून घेतलं की चकाकी वाढते. वर तीळ एक मोठा चमचा, आणि लीलं लसण. थंडीत बडोद्याच्या बाजारात याच्या जुड्या लागतात, उंधियोसाठी लोक किलोने नेतात. त्याची पात आणि कोवळा पांढरा दांडा बारीक चिरून, आच बंद झाल्यावरच घालायचा. पाकात आधी वाटलेला लसूण खमंग झालेला असतो. हा कच्चा, हिरवा वास त्याच्यावर येऊन बसतो आणि गूळ एकदम हलका वाटायला लागतो. हा मोसम संपला की कोथिंबीर चालते, पण ती याची जागा घेत नाही.

पाक पुढे गेला, तार ओढायला लागली, तर सालींचं गरम पाणी एक चमचा, मंद आचेवर, हलक्या हाताने. परत येतो. पातळ राहिला आणि कोळंबी आत गेलीय, तर ती झाऱ्याने काढावी, पाक एकटा आटवावा. कॉर्नफ्लोअर लावून दाट करू नये. त्याने पाक गढूळ होतो, कोळंबीला पिठाचा लेप बसतो आणि गुळाची चकाकी मरते. कडू झाला असेल तर मात्र उपाय नाही. मिरची किंवा गूळ जळलेला असतो. तव्यातला पाक टाकून नवा करावा. कोळंबी बाजूला काढलेली असते, तेवढी वाचते.

बाजरीच्या गरम भाकरीबरोबर वाढली, सोबत कच्चा मुळा. भाताबरोबरही चालते, पण भाकरीच्या तुकड्याने ताटातला पाक निपटून घेता येतो.

सोमवार

चार-पाच कोळंब्या उरल्या होत्या. झाकण काढलं तर खाली पाणी सुटलेलं, वरची चकाकी गेलेली. मीठ आणि गूळ रात्रभर मांसातलं पाणी बाहेर ओढत राहतात, त्यामुळे हे होणारच. डब्यात न्यायचा किंवा पाहुणे यायच्या तासभर आधी करून ठेवायचा हा पदार्थ नाही. पाहुणे असतील तर पाक अलीकडेच थांबवून ठेवावा, कोळंबी कच्ची कोरडी फ्रीजमध्ये, आणि पानं मांडल्यावर शेवटची पाच मिनिटं.

उरलेल्या पुन्हा गरम केल्या नाहीत. फ्रीजमधून काढून गारच बारीक चिरल्या, सुटलेलं पाणी तेवढं वेगळं आटवून त्यांच्यावर घातलं, कांदा आणि लिंबू मिसळून सकाळच्या भाकरीत गुंडाळल्या. सालींचं उरलेलं पाणी फ्रीझरमध्ये आहे. पुढच्या रविवारी भात त्यात शिजवायचा.