डबा उघडला, पण घास पोटात गेला का?

नववी-दहावीतली मुलगी दोन महिन्यांत उतरली, की घरचे सांगतात, "उपवास धरलेत तिनं." गुरुवार, चतुर्थी, वर नवरात्र. तुळजापूरच्या मुलखात अशा मुलीचं कौतुकच होतं आणि त्याच्याआड खाण्याचा आजार (ईटिंग डिसऑर्डर) वाढत राहतो: जाड होण्याच्या भीतीनं जेवण टाळायचं, नाहीतर खाल्लेलं उलटी करून काढायचं. म्हणून उपवास सुटतो त्या दिवशी नीट बघा. एरवीची मुलगी पोटभर जेवते. या मुलीला सुटण्याचीच धास्ती असते, ती लगेच दुसरा वार धरते.

शाळेत लक्ष ठेवायचं ते डब्याच्या सुट्टीत. भाकरीचा नुसता चुरा होतो, भाजी मैत्रिणीच्या डब्यात जाते, रिकामा डबा घरी. जेवण झालं की रोज बाथरूम, बोटं घशात घालून उलटी काढल्यानं सांध्यांवर दातांचे वण, पाळी बंद, एप्रिलातही अंगात स्वेटर. मुलांनाही हे होतं, त्यांच्याकडं तर कुणी बघतच नाही.

बोलायचं एकटीला घेऊन, वजनाचं नाव न काढता. "बाळा, आठ दिवस झाले, डबा तसाच चाललाय. मला काळजी वाटतीय." "काही नाही मॅडम" म्हणाली तर ताणू नका, दोन दिवसांनी पुन्हा विचारा. ती सुधारत असताना "आता तब्येत भरली" हे कौतुकानंही म्हणू नका, तिला त्यात "जाड झालीस" एवढंच ऐकू येतं.

आईला एक गोष्ट आवर्जून सांगा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला एकदम ताटभर जेवण, तूप, लाडू सुरू करायचे नाहीत. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्यानं उतरतं, हृदयावर बेतू शकतं. किती वाढवायचं ते डॉक्टरच ठरवतील. चक्कर येऊन पडली, बसल्या जागी पूर्ण मिनिट मोजलेली नाडी ५० च्या खाली आली किंवा पाणीही जात नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तपासणी होईपर्यंत मैदानावर पळवू नका. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

उपचार सुरू झाले की डब्याला रोज एकच बाई सोबत बसू द्या. अर्धा तास, गप्पा परीक्षेच्या नाहीतर मालिकेच्या, "खा, खा" अजिबात नाही. नंतरचा अर्धा तास ग्रंथालयात कुणाच्या तरी सोबतीनं जाऊ द्या, म्हणजे उलटी काढायला ती एकटी उरत नाही. आरोग्य तपासणीचं पथक आलं, तर तिचं वजन वेगळ्या खोलीत, काट्याकडं पाठ करून घ्यायला सांगा. आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, वहीत लिहायचा.