सिनेमातून बाहेर पडणारी वाट

प्राणिसंग्रहालयांतील आवारे, पायवाटा आणि माहितीफलक यांची आखणी करून देणाऱ्या फ्लोरिडातील एका लहान सल्लागार संस्थेत मी काम करते. यंदाच्या जानेवारीत, म्हणजे २०२६ च्या आरंभी, आमच्याकडे एक अवघड काम आले. अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या प्राणिसंग्रहालयापुढे लोकप्रिय ॲनिमेशनपटावर आधारलेली राइड बांधण्याचा प्रस्ताव होता आणि त्यावरून विश्वस्तांमध्ये उघड दोन तट पडले होते. राइड आली तर तिकीटविक्री वाढेल, याविषयी कोणालाच शंका नव्हती. ती आल्यावर आपली संस्था प्राणिसंग्रहालय उरेल का, यावर वाद होता. कागदावर मत देण्याआधी मी त्यांना सुचवले की, हाच वाद जिथे वर्षानुवर्षे प्रत्यक्ष बांधकामातून खेळला जात आहे, त्या ऑरलँडोजवळच्या डिस्नेज ॲनिमल किंगडम या जिवंत प्राणी आणि राइडी एकत्र असलेल्या उद्यानात आपण एक दिवस घालवावा, आणि राइडींपेक्षा राइडींतून बाहेर पडणाऱ्या माणसांकडे अधिक लक्ष द्यावे. त्याप्रमाणे तिघे जण आले: संस्थेचे अर्थप्रमुख, प्राणीविभागाच्या क्युरेटरबाई आणि एक वयोवृद्ध विश्वस्त.

जाताना गाडीतच अर्थप्रमुखांनी विचारले की, जिवंत प्राणी पाहण्यासाठी लोक एकदा पैसे देतील, पण दुसऱ्यांदा का देतील? मी त्यांना सांगितले की ही शंका जुनी आहे. उद्यानाची कल्पना मांडली जात होती तेव्हा डिस्नेचे तत्कालीन प्रमुख मायकल आयस्नर यांनाही नुसत्या जिवंत प्राण्यांत थरार तो काय, असे वाटत होते, आणि मुख्य आरेखक जो रोडी यांनी युक्तिवाद करत न बसता बैठकीच्या खोलीत खराखुरा बंगाली वाघच आणला होता. उद्यान २२ एप्रिल १९९८ रोजी, वसुंधरा दिनी, उघडले. खरे, नामशेष झालेले आणि काल्पनिक अशा तिन्ही प्रकारच्या प्राण्यांचे राज्य अशी त्याची मांडणी होती, म्हणूनच बोधचिन्हात हत्ती आणि डायनोसॉर यांच्या जोडीला ड्रॅगनही होता. मात्र काल्पनिक प्राण्यांसाठी योजलेला ‘बीस्टली किंगडम’ हा विभाग खर्चापायी कधी बांधलाच गेला नाही. त्याच्या जागी मिकी-मिनीची छावणी उभी राहिली आणि पुढे २०१७ मध्ये ‘अवतार’ चित्रपटावरचा पँडोरा हा भाग आला. सिनेमाच्या राइडींना विरोध करणारे आज ज्या मूळ ओळखीचा हवाला देतात, ती ओळख उद्घाटनाच्या दिवशीही पुरती नव्हती, हे विरोधकांच्या बाजूने झुकलेल्या क्युरेटरबाईंना ऐकवणे मला आवश्यक वाटले. त्यांना ते फारसे रुचले नाही.

सकाळी आम्ही सर्वप्रथम किलिमांजारो सफारीत गेलो. सुमारे ११० एकरांचा हा परिसर माझ्या व्यवसायातील लोकांनी पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे, कारण येथील जवळजवळ प्रत्येक नैसर्गिक गोष्ट घडवलेली आहे. लाल मातीचा खाचखळग्यांचा रस्ता हा रंगवलेल्या काँक्रीटचा असून ते ओले असताना त्यात टायरचे ठसे उमटवले आहेत. मोठमोठे गोरखचिंचेचे वृक्ष कृत्रिम आहेत. आफ्रिकेतील बाभळी म्हणून जी झाडे दिसतात त्यांतील कित्येक फ्लोरिडाचे ओक आहेत, छाटून छत्रीच्या आकाराचे केलेले. सिंह ज्या खडकावर ऐटीत पडलेला दिसतो तो खडक उन्हाळ्यात आतून थंड ठेवण्याची सोय केलेली आहे, आणि संध्याकाळी ठरावीक आवाजाच्या खुणेवर प्राणी मागच्या निवाऱ्यात परततात. त्यामुळे ‘सिनेमा म्हणजे खोटे आणि सफारी म्हणजे खरे’ अशी विभागणी या जागी टिकत नाही. येथे नेपथ्यकाराने अमाप खोटे रचले आहे. मात्र ते सारे मधोमध उभ्या असलेल्या एका खऱ्या जनावराच्या सोयीसाठी रचलेले आहे.

त्या दिवशी हे जनावर खरोखरच मधोमध उभे राहिले. गवताळ भागातून बाहेर पडताना एक जिराफ आमच्या ट्रकपुढे रस्त्यावर आला आणि तेथेच थांबला. चालकाने ट्रक थांबवला. मागून आलेले ट्रकही एकामागोमाग थांबत गेले. जिराफाला हुसकावण्याचा प्रश्नच नव्हता, कारण अशा वेळी वाट पाहायची हाच नियम आहे. जिराफ कधी मान लांबवून झाडाची पाने ओरबाडी, कधी आमच्याकडे रोखून पाही, आणि जायचे काही नाव घेत नसे. ट्रकमधील लहान मुलेसुद्धा कुरकुरली नाहीत. बऱ्याच वेळाने तो आपल्या मर्जीने बाजूला झाला आणि आम्ही पुढे निघालो. या सर्व काळात घड्याळाकडे पाहत असलेले अर्थप्रमुख जे बोलले त्याची अपेक्षा मी त्यांच्याकडून केली नव्हती. ते म्हणाले, “माझी राइड एवढा वेळ बंद पडली असती, तर तक्रारींच्या खिडकीपुढे रांग लागली असती आणि निम्म्या लोकांना पैसे परत द्यावे लागले असते. येथे मात्र बंद पडलेल्या वेळालाच लोक सहलीतला उत्तम भाग म्हणतील.” माझ्या टिपणवहीतील त्या दिवसाची सर्वांत मोलाची नोंद हीच आहे. राइड ही वेळेवर आणि दर खेपेस तशीच घडण्यासाठी बांधलेली असते, प्राणी मात्र ते आश्वासन देत नाही. दोन्ही एकाच तिकिटावर विकताना यातील कोणती सवय प्रेक्षकाला लावायची, हे संस्थेलाच ठरवावे लागते.

तेथून आम्ही ‘ट्री ऑफ लाइफ’कडे गेलो. समुद्रातील तेलविहिरीच्या मंचासारख्या सांगाड्यावर उभारलेला हा १४५ फूट उंच वृक्ष. त्याच्या खोडावर आणि मुळांवर तीनशेहून अधिक प्राणी कोरलेले आहेत. त्याच्या पोटातील नाट्यगृहात १९९८ पासून कीटकांवरचा एक त्रिमिती खेळ चालत असे. तो मार्च २०२५ मध्ये बंद झाला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तेथे ‘झूटोपिया’ चित्रपटावरचा नवा खेळ सुरू आहे. विरोधक म्हणतात की सिनेमाने वृक्षाचे पोटच बळकावले. वस्तुस्थिती अशी की, आधीचा खेळसुद्धा सिनेमाचाच होता. ‘अ बग्ज लाइफ’ हा चित्रपट नोव्हेंबर १९९८ मध्ये झळकला आणि त्यावरचा खेळ त्याच्या सात महिने आधीच येथे दाखल झाला होता.

येथे क्युरेटरबाईंनी जुन्या खेळाची बाजू ज्या तपशिलाने मांडली, तो तपशील ऐकण्यासारखा होता. त्या म्हणाल्या की, त्या खेळातील प्रत्येक गंमत एखाद्या खऱ्या कीटकाच्या स्वसंरक्षणाच्या युक्तीवर बेतलेली होती. वाळवीचा सैनिक प्रेक्षकांवर द्रव फवारत असे, ढेकण्या किडा दुर्गंधी सोडत असे, आणि शेवटी ‘उवा, ढेकूण, अळ्या आणि झुरळे यांना आधी बाहेर पडू द्या’ अशी सूचना होऊन आसनाखालून काहीतरी सरपटत गेल्याचा भास होत असे. पात्रे सिनेमातली असली तरी युक्त्या किड्यांच्या होत्या. लहान मुले घाबरून रडत, हेही खरे; पण मी स्वतः पूर्वी तेथे निरीक्षणासाठी उभी राहिले असताना बाहेर आलेली कितीतरी मुले बाकांखाली वाकून झुरळे शोधताना पाहिली आहेत.

नव्या खेळाचे तंत्र उत्तम आहे आणि तो आनंदी आहे. मात्र त्यातील ससा, कोल्हा आणि चित्ता हे कपडे घालून नोकरी करणारे नागरिक आहेत. आम्ही दारापाशी उभे राहून लोकांकडे पाहत होतो. आत जाताना रांगेतील माणसे मुळांवर कोरलेल्या प्राण्यांवरून हात फिरवत, मुलांना नावे विचारत जात होती. बाहेर पडताना ती खेळातील विनोद एकमेकांना सांगत सरळ पुढे निघून जात होती. एका सकाळच्या निरीक्षणावरून नियम बांधता येत नाही, हे मी तिघांनाही बजावले. तरीही क्युरेटरबाईंच्या चेहऱ्यावरचे समाधान मला दिसत होते.

ते समाधान फार वेळ टिकले नाही. दुपारी आम्ही महाराजा जंगल ट्रेकवर गेलो. ‘आनंदपूर’ या कल्पित संस्थानातील पडक्या राजवाड्यातून ही पायवाट वाघांपर्यंत जाते, आणि तिची कथा अशी की राजांची शिकारीची राखीव जागा पुढे अभयारण्य झाली. मूळच्या कोल्हापूरच्या मला ही कथा परकी वाटत नाही, कारण आमच्या छत्रपतींच्या राखीव शिकारीच्या जंगलाचेच १९५८ मध्ये दाजीपूरचे गव्यांचे अभयारण्य झाले, आणि ते महाराष्ट्रातले पहिले. येथे काचेपाशी सशाचे कान लावलेला एक सहा-सात वर्षांचा मुलगा उभा होता. वाघ झोपलेला होता आणि बाकीची कुटुंबे एक छायाचित्र काढून पुढे सरकत होती. हा मुलगा मात्र हलेना. त्याने तेथील कर्मचारी तरुणीला विचारले, “हा सशाला खातो का?” तिने गुळमुळीत उत्तर दिले नाही. जंगलात मिळाला तर खाईल, पण त्याला रानडुक्कर किंवा हरीण यांच्यासारखे मोठे भक्ष्य लागते. आम्ही त्याला मांस देतो. आणि ते खाल्ल्याशिवाय तो जगणार नाही, असे तिने सांगितले. मुलाने पुढचा प्रश्न केला, “मग हा वाईट आहे का?” शिकार करणारे आणि शिकार होणारे एकत्र कसे राहतील, हाच ‘झूटोपिया’ चित्रपटाचा विषय आहे, मुलगा तो प्रश्न सिनेमातून उचलून काचेपर्यंत घेऊन आला होता. तरुणी गुडघ्यावर बसून त्याच्याशी बोलत राहिली आणि हळूहळू भोवती दहा-बारा माणसे जमली. आमचे माहितीफलक एवढी गर्दी क्वचितच जमवतात.

क्युरेटरबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले की ही तरुणी तेथे नसती तर काय झाले असते? मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नसते, एवढेच मी सांगू शकले. त्या दिवशीच्या साऱ्या वादात हा प्रश्न मला सर्वांत मुद्द्याचा वाटला, आणि तो ज्यांनी विचारला त्या राइडच्या कट्टर विरोधक होत्या.

उरलेल्या वेळात दोन ठिकाणे पाहिली. विश्वस्तांच्या आग्रहाने आम्ही ‘डायनोसॉर’ या राइडच्या लांबलचक रांगेत उभे राहिलो, कारण फेब्रुवारीच्या आरंभी ती कायमची बंद होणार होती. तिच्या जागी लॅटिन अमेरिकेवरचा नवा विभाग येत आहे, त्यात ‘एन्कँटो’ आणि ‘इंडियाना जोन्स’ यांच्या राइडी असतील, आणि तो २०२७ मध्ये उघडायचा आहे. गंमत अशी की, जाणाऱ्या राइडचे मूळ नाव ‘काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन’ होते. २००० साली आलेल्या ‘डायनोसॉर’ चित्रपटासाठी तिला त्याचे नाव देण्यात आले, पण आतील प्रवास जवळपास तोच राहिला. राइडमध्ये दाखवलेला इग्वानोडॉन हा डायनोसॉर आणि डायनोसॉरांचा अंत करणारा उल्कापात यांची सांगड कालगणनेला धरून नाही, तिकडे मी दुर्लक्ष करायला शिकले आहे. एखादी जात पृथ्वीवरून कायमची जाते, ही गोष्ट प्रवाशाच्या अंगावर आदळवणारी या उद्यानातील ती एकमेव राइड होती, आणि तिची उणीव नवा विभाग कशी भरून काढील, हे मला दिसत नाही. प्राण्यांशी बोलू शकणाऱ्या मुलाच्या निमित्ताने ‘एन्कँटो’ वर्षावनाकडे वळू शकेल. इंडियाना जोन्सबद्दल तेवढी आशा मी बाळगत नाही.

पँडोरामध्ये आम्ही अंधार पडताना पोचलो. तेथे जिवंत प्राणी एकही नाही आणि जगही परग्रहावरचे आहे, तरीही तो भाग उद्यानात उपरा वाटत नाही. आरेखकांनी चित्रपटातील नायक-नायिकांना तेथे आणलेच नाही. संघर्ष संपून पिढी लोटल्यानंतरचा, जंगल पुन्हा सावरत असलेला ग्रह तेवढा दाखवला. लोक तेथे नटाच्या शोधात न फिरता झाडांकडे वर बघत फिरतात. अर्थप्रमुखांनी येथेही दुकानातील गर्दी न्याहाळली, आणि ती भरपूर होती.

आठवड्याभरात मी अहवाल दिला. राइडला मी विरोध केला नाही, त्यामुळे क्युरेटरबाईंचा गट माझ्यावर नाराज झाला. मात्र तीन अटी घातल्या. राइडचा आवाज कोणत्याही प्राण्याच्या आवारापर्यंत पोचू नये. राइडची बाहेरची वाट दुकानात न उघडता, ज्या प्राण्याची पात्रे राइडमध्ये आहेत त्या खऱ्या प्राण्याच्या काचेपाशी उघडावी. आणि त्या काचेपाशी उद्यानाच्या सर्व वेळात एक जाणकार कर्मचारी उभा असावा, त्याचा पगार राइडच्या उत्पन्नातून आधीच बाजूला काढलेला असावा.

पहिली अट लगेच मान्य झाली. पगाराच्या अटीला अर्थप्रमुखांनीच पाठिंबा दिला. बैठकीत त्यांनी जिराफाचे उदाहरण दिले, असे विश्वस्तांनी मला कळवले. अडले आहे ते बाहेरच्या वाटेवर. चित्रपटाचे हक्क देणाऱ्या कंपनीला ती दुकानातूनच हवी आहे, आणि करारात तसे कलमच आहे. मी दुकानाला काचेची लांब भिंत देऊन तिच्यापलीकडे प्राण्याचे आवार ठेवण्याचा नकाशा सध्या काढत आहे, आणि तो क्युरेटरबाईंच्या मंजुरीशिवाय पुढे जाणार नाही, कारण दिवसभर दुकानातील गर्दी समोर असणे कोणत्या प्राण्याला सोसेल, हे त्याच सांगू शकतील.