कोरोनेल्लीचा पृथ्वीगोल: नकाशाइतकीच खळीची करामत

व्हिन्चेन्झो कोरोनेल्ली (१६५०–१७१८) म्हटलं की फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईचे ते दोन अजस्र गोलच आठवतात. १६८१ ते १६८३ मध्ये पॅरिसात घडवलेले, व्यास ३.८ मीटरच्या आसपास. पण ते हाताने रंगवलेले. व्हेनिसच्या या फ्रान्सिस्कन साधूचं कसब मला जास्त दिसतं ते १६८८च्या छापील पृथ्वीगोलात, कारण त्याच्या प्रती काढायच्या होत्या.

या गोलाचा व्यास सुमारे १०८ सेंमी, म्हणजे घेर ३३९. सपाट कागदावर छापलेला नकाशा गोलावर चिकटवायचा तर कागदाच्या उभ्या फाका कापाव्या लागतात. संत्र्यासारख्या १२ फाका धरल्या तर विषुववृत्तावर एकेक फाक २८ सेंमींहून थोडी रुंद. ६० अंशांवर ती बरोबर निम्मी होते; रुंदी अक्षांशाच्या कोसाइनने घटत जाते. ध्रुवापासून ध्रुवापर्यंत लांबी मात्र १७० सेंमी, तेव्हा फाकेचे आडवे तुकडे करणं आलंच.

तांब्याच्या पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, अक्षरंसुद्धा. छापताना कागद ओलसर हवा, तरच तो खाचांतली शाई उचलतो. वाळला की आकसतो. मग खळ लावली की पुन्हा पसरतो, तोही उभा-आडवा सारखा नाही. खरी गोम इथे आहे. एका टक्क्याची चूक झाली तरी पूर्ण घेरात जवळजवळ साडेतीन सेंमींचा घोळ! बारीक फट रंगाने बुजवता येते. कागदावर कागद चढला तर किनाऱ्यावरची गावंच गडप होतात. या गोलावर १ मिलिमीटर म्हणजे जवळपास १२ किलोमीटर.

फाकांची टोकं ध्रुवाशी कधीच नीट जुळत नाहीत, म्हणून त्यांवर गोल टोपी चिकटवतात. गोल एका बाजूला जड झाला तर फिरवून सोडल्यावर दर वेळी तीच बाजू खाली येते. त्यावर गोल बनवणाऱ्यांचा जुना उपाय म्हणजे आत शिशाच्या छर्ऱ्यांची पिशवी. शेवटी व्हार्निश. कालांतराने ते पिवळं पडतं, तडकतं, आणि समुद्र तपकिरी दिसू लागतो.

भूगोलातल्या चुका वेगळ्याच. कोरोनेल्लीने कॅलिफोर्निया बेट म्हणून दाखवलं, मिसिसिपीचं मुख फार पश्चिमेला नेलं. दुसरी चूक ला साल या फ्रेंच शोधकाच्या मोहिमेच्या माहितीवरून आलेली. अशी चूक पत्र्यावर सुधारायची तर तेवढा भाग खरवडायचा, मागून ठोकून पृष्ठभाग सपाट करायचा, घासायचा आणि नव्याने कोरायचा.